एका चावीची दोन कामे

इ. स. १८१२ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयात एक समिती बसली होती. केरुबिनी, मेयूल यांच्यासारखे त्या काळचे मान्यवर रचनाकार तीत होते. त्यांच्यासमोर बाल्टिक समुद्रकाठच्या रेव्हाल गावी, म्हणजे आजच्या तालिनमध्ये जन्मलेला पंचविशीतला एक वादक उभा होता. इव्हान म्युलर त्याचे नाव. त्याने तेरा चाव्यांची नवी क्लॅरिनेट घडवून आणली होती आणि त्याचा दावा मोठा होता. हे एक वाद्य हाती असले की कोणत्याही पट्टीतले संगीत वाजवता येईल, वादकाने दोन-दोन, तीन-तीन वाद्ये बाळगण्याचे कारण उरणार नाही, असे त्याचे म्हणणे.

समितीने ते वाद्य नाकारले. आम्हा पाद्र्यांचे अर्धे आयुष्य समित्यांतच जाते, त्यामुळे नकाराची कारणे वाचण्याचा मला थोडाफार सराव आहे. बहुतेक वेळा लिहिलेले कारण एक आणि खरे कारण दुसरे असते. येथे मात्र लिहिलेले कारणच विचार करण्याजोगे होते. निरनिराळ्या लांबीच्या क्लॅरिनेटचा स्वभाव निराळा असतो, असे समितीने म्हटले. 'सी' पट्टीची आखूड क्लॅरिनेट झळझळीत आणि चपळ. 'बी फ्लॅट'ची गंभीर, करुण आणि भारदस्त. 'ए'ची सर्वांत लांब आणि म्हणून मृदू, रानावनातल्या शांततेला शोभणारी. रचनाकार या तीन कंठांमधून आपल्याला हवा तो निवडतो. उद्या एकच वाद्य सर्वांनी धरले तर ही निवडच संपेल.

पुढे म्युलरचेच वाद्य युरोपभर पसरले आणि समिती हटवादी ठरली. वाद्यांच्या इतिहासात ही हकीकत बहुधा जुनाट मंडळींच्या फजितीची म्हणून सांगितली जाते. मला ती तितकी सरळ वाटत नाही. गेल्या तीन शतकांत क्लॅरिनेटची घडण जितक्या वेळा बदलली, तितक्या वेळा बोटांना सुख मिळाले. कंठाचे काय झाले, हा प्रश्न त्या समितीने पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत विचारला. उत्तर देण्यात ती चुकली, प्रश्न विचारण्यात नव्हे.

हा प्रश्न क्लॅरिनेटच्याच वाट्याला इतक्या तीव्रतेने का यावा, हे समजण्यासाठी तिच्या नळीचा स्वभाव पाहावा लागतो. बासरीत फुंक वाढवली की मध्य षड्जाच्या जागी तार षड्ज वाजतो. बोटे तीच, सूर एक सप्तक वर. सनईची नळी खाली रुंदावत जाते, म्हणून तीही बासरीसारखेच वागते. क्लॅरिनेटची नळी मात्र बरीचशी सरळ, एकाच व्यासाची असते आणि रीडच्या बाजूने ती ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने बंद नळीसारखी वागते. अशा नळीला षड्जातून एकदम तार षड्ज देता येत नाही. ती त्याला ओलांडून तार पंचमावर जाऊन बसते. तिच्या खालच्या सप्तकातला तो काळोखा, पोकळ, काहीसा गूढ नाद याच स्वभावातून येतो, कारण तेथे सम क्रमांकाचे उपस्वर क्षीण आणि विषम क्रमांकाचे प्रबळ असतात. म्हणजे जे तिचे सौंदर्य, तीच तिची अडचण. बासरीवाल्याने बारा स्वरांची सोय केली की पुढचे सप्तक फुंकेने मिळते. क्लॅरिनेटवाल्याला तार पंचमापर्यंत पोचण्याआधी एकोणीस स्वरांची सोय करावी लागते. उजवा अंगठा वाद्याचा भार पेलण्यात गुंतलेला. उरली बोटे नऊ.

न्यूरेंबर्गचा वाद्यकार योहान क्रिस्टोफ डेन्नर (१६५५–१७०७) याने १७०० च्या आसपास या कोड्याला पहिला हात घातला असे मानले जाते. त्याच्यापुढे शालुमो नावाचे साधे एकरीडी वाद्य होते. ते खालच्या स्वरांतच रमत असे. डेन्नरच्या हातून नळीच्या वरच्या टोकाकडे, मागच्या बाजूला, डाव्या अंगठ्याने उघडायची एक चावी आली. ती उघडली की सूर वर उडी घेतो. त्या वरच्या सप्तकाचा आवाज इतका तेजस्वी निघाला की दुरून ऐकणाऱ्याला ती तुतारी वाटावी, अशी नोंद वाल्टरच्या १७३२ च्या संगीतकोशात आहे. नावही तेथूनच आले. तुतारीच्या उंच सुरांना क्लारिनो म्हणत, त्याचे लाडके रूप क्लारिनेत्तो. मुळात लॅटिन 'क्लारुस', म्हणजे स्वच्छ, उजळ.

या पहिल्या चावीतच एक तडजोड दडली होती. एकट्या बोटांनी न मिळणाऱ्या घशातल्या एका स्वरासाठी, आजच्या भाषेत 'बी फ्लॅट'साठी, तीच चावी वापरावी लागली. सूर वर उडवण्यासाठी छिद्र अगदी बारीक आणि बरेच वर हवे. 'बी फ्लॅट' मोकळा वाजण्यासाठी ते मोठे आणि थोडे खाली हवे. एकच छिद्र दोघांचे समाधान करणार कसे? दोन्हींच्या मधली जागा आणि मधला आकार निवडला गेला. परिणामी तो स्वर दबलेला, घोगरा वाजू लागला. त्याच्या शेजारच्याच स्वरासाठी सारी बोटे एकदम खाली आणावी लागतात. नवशिक्या विद्यार्थ्याची सर्वांत मोठी फजिती होते ती या उंबरठ्यावर.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाच चाव्यांची क्लॅरिनेट रूढ झाली. बाकीचे कोमल-तीव्र स्वर बोटांच्या आडवळणाने काढायचे: वरचे छिद्र उघडे ठेवून खालची एक-दोन झाकायची. असे स्वर निघतात, पण मफलर गुंडाळून बोलणाऱ्या माणसासारखे. त्यामुळे एकाच वाद्यावरचे काही स्वर उघडे, काही झाकलेले. मूळ पट्टीच्या जवळ राहिले तर वाद्य गोड चालते. दूरच्या पट्टीत गेले की प्रत्येक पावलाला ठेच. म्हणून तर निरनिराळ्या पट्ट्यांसाठी निरनिराळ्या लांबीच्या क्लॅरिनेट बाळगाव्या लागत. गायकाने पट्टी बदलली की आमचा पेटीवाला बोटे सरकवतो. हा बिचारा वाद्यच बदलत असे.

मग जादा छिद्रे पाडून त्यांवर चाव्या का बसवल्या नाहीत? कारण प्रत्येक चावी म्हणजे हवा गळण्याची एक नवी जागा. चपट्या पितळी पाकळीखाली चामड्याचा तुकडा, एवढाच तेव्हाचा बंदोबस्त. म्युलरचे खरे शोधकार्य येथे आहे. चाव्यांच्या 'तेरा' या आकड्याचा बोलबाला झाला, पण त्याने छिद्राच्या काठाला उभट कडा दिली, वरची पाकळी वाटीसारखी खोलगट केली आणि तीत लोकर भरलेली मऊ गादी बसवली. छिद्र घट्ट मिटू लागले. मिटू लागले म्हणूनच हव्या तितक्या चाव्या शक्य झाल्या. एखाद्या वस्तूचा इतिहास तिच्या नजरेत भरणाऱ्या भागांपेक्षा अशा एखाद्या गादीमुळे बदलतो, ही गोष्ट मला फार आवडते.

म्युलरच्या आधीच्या पिढीतली एक हकीकत येथे सांगावीच लागेल, कारण घडण हरवली की संगीत कसे हरवते, याचे तिच्याइतके बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. व्हिएन्नाचा अंटोन स्टाडलर (१७५३–१८१२) हा मोझार्टचा मित्र. त्याला क्लॅरिनेटच्या तळच्या स्वरांचे वेड होते. दरबारी वाद्यकार थेओडोर लोट्स याच्या हातून त्याने नेहमीपेक्षा लांब क्लॅरिनेट करून घेतली. तिच्या तळाशी चार अर्धस्वर अधिक होते. मोझार्टने १७९१ च्या शरदात, मृत्यूच्या दोनेक महिने आधी, आपला क्लॅरिनेट कन्चेर्तो लिहिला तो याच वाद्यासाठी. त्यानंतर मूळ हस्तलिखित नाहीसे झाले. मोझार्टची विधवा कोन्स्टान्झे हिने १८०० मध्ये एका प्रकाशकाला लिहिले, की स्टाडलर म्हणतो हस्तलिखितांची पेटी प्रवासात चोरीला गेली, पण इतर लोक सांगतात की त्याने ती त्र्याहत्तर डुकाटांना गहाण टाकली. खरे काय ते स्टाडलर जाणे.

कन्चेर्तो छापून आला तो साध्या क्लॅरिनेटसाठी बदललेल्या रूपात. तळचे स्वर ज्या वाद्यावर नाहीत, त्या वाद्यासाठी कोणा अनाम हाताने ते ओढून वरच्या सप्तकात नेले. लाइपझिगच्या एका संगीतपत्रिकेने १८०२ मध्येच हे लक्षात आणून दिले होते, पण वाद्यच उरले नव्हते, तर वाजवणार कशावर? दीडशे वर्षे जगाने तोच बदललेला पाठ ऐकला आणि त्यावरच प्रेम केले. विसाव्या शतकात अभ्यासकांनी मूळ पाठाचा अंदाज बांधून तो पुन्हा मांडला. पुढे १९९२ मध्ये पामेला पूलिन या संशोधिकेला रिगा येथे स्टाडलरच्या १७९४ च्या मैफलीची छापील पत्रिका मिळाली. तीवर त्याच्या वाद्याचे चित्र होते: तळाशी वळलेली नळी आणि तिच्या टोकाला कांद्यासारखा फुगीर गोळा. तोवर कारागीर सरळ, लांब नळीची कल्पना करत होते. आता त्या चित्राबरहुकूम वाद्ये घडतात. ती ऐकताना गायक एकदम खर्जात उतरावा तसे वाटते, आणि छापील पाठातल्या काही विचित्र उड्या तेथे का आहेत तेही उमगते.

पॅरिसला परत जाऊ. नकारामुळे म्युलरच्या व्यवसायाचे नुकसान झाले, पण तेरा चाव्यांचे वाद्य थांबले नाही. त्याच पॅरिसच्या विद्यालयातले प्राध्यापक इयासेंत क्लोझे (१८०८–१८८०) यांनी पुढचे पाऊल टाकले. वाद्यकार लुई-ओग्युस्त ब्युफे याच्या साहाय्याने त्यांनी घडवलेली क्लॅरिनेट १८३९ मध्ये प्रदर्शनात मांडली गेली आणि १८४४ मध्ये तिचे एकस्व घेण्यात आले. तिला 'बोएम पद्धत' म्हणतात, पण म्युनिकच्या बासरीकार थेओबाल्ड बोएमने क्लॅरिनेटला हातही लावला नव्हता. त्याच्या बासरीवरची छिद्राभोवतालची कडी तेवढी उसनी घेतली होती. बोट छिद्र झाकते, त्याच वेळी कडी दाबली जाऊन दूरचे दुसरे छिद्रही मिटते. त्यामुळे छिद्र बोटाच्या सोयीने पाडायचे कारण राहिले नाही. ते नादाच्या सोयीने योग्य जागी, योग्य आकाराचे पाडता आले. आडवळणाच्या बोटांची गरज जवळजवळ संपली. शिवाय करंगळीचे तळचे स्वर डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही हातांना मिळाले, म्हणून एका चावीवरून दुसरीवर करंगळी घसरवत नेण्याचा जाच गेला. ज्याने दोन्ही वाद्यांवर जलद ताना वाजवून पाहिल्या आहेत, तो क्लोझेंना दुवाच देईल.

फ्रान्सने हे वाद्य स्वीकारले, पुढे इंग्लंड-अमेरिकेनेही. जर्मनीने नाकारले. तेथे म्युलरचाच वंश वाढत गेला. म्युनिकच्या कार्ल बेअरमानने १८६० च्या सुमारास ओटेनस्टाइनर या कारागिराकडून त्याला अधिक चाव्या बसवून घेतल्या. बर्लिनमध्ये ओस्कार ओएलरने (१८५८–१९३६) आडवळणाच्या स्वरांसाठी गुप्त वायुछिद्रे जोडून त्यांचा दबलेपणा घालवला. १८१२ मध्ये कंठांची विविधता मारणारे म्हणून जे नाकारले गेले, तेच वाद्य आता जर्मनीत जुन्या कंठाचे रक्षक बनले!

त्या कंठाची थोरवी एका घटनेत साठवली आहे. १८९० मध्ये ब्राम्सने रचना थांबवायचे मनात आणले होते. १८९१ च्या मार्चमध्ये माइनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदात त्याने रिखार्ड म्युलफेल्ड याची क्लॅरिनेट ऐकली. हा म्युलफेल्ड मुळात त्याच वाद्यवृंदातला व्हायोलिनवादक. त्याच्या हाती ओटेनस्टाइनरने घडवलेली, पिवळसर बॉक्सवूडची क्लॅरिनेट होती. त्या उन्हाळ्यात ब्राम्सने क्लॅरिनेटसाठी एक त्रिवाद्य आणि एक पंचवाद्य रचना लिहिली, १८९४ मध्ये दोन सोनाटा. क्लोझेंचे सुधारलेले वाद्य तेव्हा पन्नास वर्षांचे होते. म्हातारपणी ब्राम्सला पुन्हा लेखणी उचलायला लावली ती त्याने नव्हे. अर्थात श्रेय वाद्याचे किती आणि म्युलफेल्डच्या श्वासाचे किती, हे तराजूत घालता येत नाही.

जर्मन क्लॅरिनेटचा सूर दाट, गडद, एकसंध. फ्रेंच क्लॅरिनेटचा उजळ, लवचिक, रंग पालटणारा. हे श्रोत्यांचे जुने निरीक्षण आहे. दोष किंवा श्रेय चाव्यांना दिले जाते, आणि तेथेच गफलत होते. चाव्या बोटांना दिसतात. सूर घडतो तो न दिसणाऱ्या पोकळीत आणि ओठांखालच्या रीडमध्ये. जर्मन माऊथपीस अरुंद, त्याची रीडपासूनची फट लहान आणि उतार लांब. रीडही चिंचोळी, आणि पुष्कळ वादक ती आजही दोरीने गुंडाळून बांधतात. फ्रेंच माऊथपीस अधिक उघडे, रीड रुंद. नळीच्या आतला आकारही वेगळा. ब्युफे क्रॅम्पों कंपनीच्या रोबेर कारेने विसाव्या शतकाच्या मध्यावर वरच्या भागातली पोकळी वेगवेगळ्या व्यासांच्या टप्प्यांनी कोरली. १९५५ पासून 'आर १३' या नावाने ते वाद्य जगभर गेले. हे टप्पे षड्ज आणि त्याचा तार पंचम यांच्या सुरेलपणाचा मेळ बसवण्यासाठी. उलट इंग्लंडच्या बूझी अँड हॉक्सच्या 'टेन-टेन' क्लॅरिनेटची पोकळी १५.२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे फ्रेंच वाद्याहून सुमारे अर्ध्या मिलिमीटरने रुंद आणि सरळ. जॅक ब्रायमरसारख्या वादकांचा तो ऐसपैस, मोकळा इंग्रजी आवाज त्या अर्ध्या मिलिमीटरचाही होता. पण त्या वाद्याला त्याचेच खास माऊथपीस लागे. दुसरे लावले की सूर हलायचे.

चाव्या आणि कंठ वेगळे करता येतात का, याची परीक्षा जर्मनीतच झाली. एर्न्स्ट श्मिट आणि त्याच्यानंतर फ्रिट्झ वुर्लिट्झर यांनी बोएम पद्धतीच्या चाव्या जर्मन घडणीच्या नळीवर बसवल्या. त्या 'रिफॉर्म बोएम' क्लॅरिनेटचा आवाज जर्मन वाद्याच्या जवळ गेला. नेदरलँड्समध्ये ती चांगली रुजली. तरीही बर्लिन आणि व्हिएन्नाच्या वाद्यवृंदांची परंपरा आजही जर्मन आणि व्हिएन्नी घडणीला धरून आहे.

लाकडाबद्दल दोन शब्द. आज उत्तम क्लॅरिनेट ज्या काळ्या ग्रेनॅडिला लाकडाच्या होतात, ते झाड आपल्या शिसवीचे आफ्रिकेतले भाऊबंद. टांझानिया आणि मोझांबिक येथून ते येते. वादक लाकडाविषयी भक्तिभावाने बोलतात. पण जॉन बॅकस या भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये प्रयोगांती दाखवले की सलग धरलेल्या सुरावर भिंतीच्या द्रव्याचा परिणाम नगण्य असतो. आतल्या पोकळीची सफाई आणि छिद्रांच्या कडा यांना मोल आहे. कठीण लाकूड ती सफाई टिकवते, एवढे त्याचे पुण्य. ही गोष्ट मी एका वादकमित्राला सांगितली, तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

म्युलरच्या वंशाची आणखी एक शाखा बेल्जियमला गेली. ब्रुसेल्सच्या यूजीन अल्बेरने (१८१६–१८९०) घडवलेली साधी पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते. न्यू ऑर्लिन्सचे सिडनी बेशे, जॉनी डॉड्स, जिमी नून ही जॅझमधली थोर मंडळी याच अल्बेर क्लॅरिनेटवर वाजवत. तुर्कस्तानात आजही तिचाच वंश नांदतो. आणि आपल्याकडे? मीरतच्या जाली कोठीत घडलेल्या आणि लग्नाच्या बँडांतून गावोगाव पोचलेल्या साध्या पद्धतीच्या क्लॅरिनेट याच कुळातल्या. गोव्यात चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून बाहेर पडलेले वादक लष्करी आणि संस्थानी बँडांत, पुढे मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत गेले, त्या प्रवासात क्लॅरिनेटही होती.

स्वस्त म्हणून हे वाद्य टिकले, असे सर्रास म्हणतात. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. साध्या पद्धतीत कड्या थोड्या. बहुतेक छिद्रे बोटाच्या मऊ पेराखाली उघडी असतात. बोट हळूहळू बाजूला ओढले की सूर तुटत नाही, सरकतो. कडी मात्र उचलली की दूरची गादीही उचलली जाते, आणि सुराला नकळत पायरी येते. बोएमवर मींड निघतच नाही असे नव्हे. ओठांनी आणि सरावाने निघते. पण बेशेला, इस्तंबूलच्या वादकाला, तिरुचीच्या ए. के. सी. नटराजन यांच्यासारख्या कर्नाटक संगीतातल्या क्लॅरिनेटवादकाला, किंवा वरातीपुढे भूप आळवणाऱ्या आमच्या बँडमास्तरला हवे असते ते दोन स्वरांच्या मधले. क्लोझेंनी जे बोटांचे ओझे म्हणून काढून टाकले, तेथेच यांचे संगीत राहत होते. एका म्हाताऱ्या बँडवाल्याने मला आपली तर्जनी छिद्रावरून दुधावरची साय सारावी तशी सरकवून दाखवली. चाव्या किती आहेत, असे मी विचारले तर म्हणाला, "चौदा हायत फादर, पन लागत्यात पाच-सा."

समितीला ज्याची भीती वाटली, त्यातले काही घडले आणि काही घडले नाही. 'सी' क्लॅरिनेट बहुतेक ठिकाणी मागे पडली. तिच्यासाठी लिहिलेले स्वर पुष्कळदा दुसऱ्या वाद्यावर पट्टी बदलून वाजवले जातात. पण वाद्यवृंदातला वादक आजही शेजारी दोन क्लॅरिनेट ठेवून बसतो, 'बी फ्लॅट'ची आणि 'ए'ची. चाव्यांची गरज संपून शतक लोटले, तरी मोझार्ट आणि ब्राम्स यांच्यासाठी तो 'ए'चीच उचलतो.

आणि डेन्नरची ती पहिली तडजोड? अमेरिकेत १९५० च्या दशकापासून विल्यम स्टबिन्स आणि बॉस्टनचे रोसारिओ मॅझेओ यांनी घशातल्या त्या 'बी फ्लॅट'साठी वेगळे छिद्र उघडणाऱ्या यंत्रणा बनवल्या. स्वर सुधारला, पण यंत्रणा नाजूक, आणि वादकांची बोटे जुन्या वळणाची. त्या फारशा रुजल्या नाहीत. आजही मेरतच्या चौदा चाव्यांच्या वाद्यावर आणि पॅरिसच्या महागड्या वाद्यावर डाव्या अंगठ्याखाली तीच एक चावी तीच दोन कामे करते. कसलेला वादक तो स्वर लांबवायची वेळ आली की उजव्या हाताची दोन-तीन बोटे, ज्यांचे तेथे काही काम नाही, हलकेच खालच्या छिद्रांवर ठेवतो. सुराचा घोगरेपणा थोडा निवळतो. कोणती बोटे ठेवायची, ते प्रत्येक वाद्यावर थोडे निराळे असते. ज्याचे त्याने शोधून काढायचे असते.